छताची ओल पुन्हा पुन्हा का येते? गळतीचं मूळ शोधायची पद्धत

वरच्यांनी बाथरूमच्या फरश्यांच्या फटी भरून घेतल्या. प्लंबरने ट्रॅप, म्हणजे मोरीच्या जाळीखालचं वास अडवणारं भांडं, बदलला. खाली छत खरवडून लांबी-रंग झाला. दोन महिने बरे गेले आणि त्याच कोपऱ्यात पुन्हा चहाच्या डागासारखं पिवळट वर्तुळ उमटलं. मग वरचे म्हणतात, ‘आम्ही तर काम करून घेतलं, आता आमचा संबंध नाही.’ खालचे म्हणतात, ‘मग पाणी काय आकाशातून येतं?’ सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय दर वर्षी येतो आणि दर वर्षी ‘प्लंबर पाठवू’ एवढ्यावर मिटतो.

इमारतींच्या गळतीची कामं करताना माझं एक मत पक्कं झालं आहे: गळती परत येते तेव्हा दरवेळी दुरुस्तीच वाईट असते असं नाही, बऱ्याचदा शोधच चुकीचा झालेला असतो. शोध चुकतो त्याचं मुख्य कारण म्हणजे आपण निकाल खालून, छताकडे बघून वाचतो. छत उशिरा बोलतं, आणि जे बोलतं ते अर्धवट असतं.

आधी एक तातडीची गोष्ट. पाणी पंख्याच्या हुकातून, दिव्याच्या पॉइंटमधून किंवा स्विचबोर्डाजवळून येत असेल तर त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) आधी खाली पाडा, बाकी सगळं नंतर. ओला पंखा ‘जरा चालवून सुकवू’ हा प्रयोग करू नका. फॉल्स सीलिंगला फुगा आला असेल तर खाली बादली ठेवून स्क्रू-ड्रायव्हरने फुग्याच्या मध्यावर एक भोक पाडा. साठलेलं पाणी एका जागी उतरेल, नाहीतर अख्खा बोर्ड अंगावर यायचा.

छताच्या वर काय दडलेलं असतं

मुंबई, ठाणे, पुणे इथल्या बहुतेक इमारतींत बाथरूम-संडासाचा स्लॅब बाकी घराच्या स्लॅबपेक्षा खाली घेतलेला असतो, साधारण ८ ते १२ इंच, देशी संडास असेल तर आणखी खोल. याला साइटवर संकन म्हणतात. या हौदात तळाला वॉटरप्रूफिंग, त्यावर नहाणी ट्रॅप आणि पाइप, मग विटांचे तुकडे आणि सिमेंट-वाळूचा माल यांचा कोबा, आणि सगळ्यात वर फरशी. नव्या इमारतींत काही ठिकाणी पाइप स्लॅबखालून टांगून फॉल्स सीलिंगने झाकतात. तिथे शोध सोपा, कारण झाकण काढलं की सांधे समोर दिसतात. अवघड जातं ते संकनवाल्या बाथरूममध्ये.

आता एक साधा हिशेब करू. बाथरूम ४ फूट बाय ६ फूट, संकन १० इंच. म्हणजे २० घनफूट, सुमारे ५६६ लिटरचा हौद. विटा पाणी पितात. साध्या भाजलेल्या विटेने वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषलं तरी ती भारतीय मानकात बसते. कोब्यातल्या पोकळ्या आणि विटा मिळून हौदाचा पाचवा हिस्सा पाणी धरतो असं मानलं, तरी ११० लिटरच्या वर गेलो. खाली सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला साधारण सव्वाचार लिटर होतात. म्हणजे वरचे सगळे नळ आज बंद केले, तरी नुसत्या साठ्यावर थेंब तीन-साडेतीन आठवडे चालू राहू शकतो. प्रत्यक्षात सगळं पाणी उतरत नाही आणि थेंबाचा वेग मंदावत जातो, पण अंदाज यायला हा हिशेब पुरे.

गळतीवरून होणारी निम्मी भांडणं या एका आकड्यात आहेत. वरच्यांनी चार दिवस बाथरूम बंद ठेवलं, थेंब थांबला नाही, म्हणून ‘आमच्याकडून नाहीच’ असा निकाल लागतो. तो चूक. दुरुस्ती उत्तम झाली, पण आठवड्यानंतरही थेंब पडतोय म्हणून गवंड्याला शिव्या बसतात. त्याही चूक. आणि उलटं सगळ्यात फसवं: वरचं कुटुंब मे महिन्यात गावी गेलं, खालचं छत हळूहळू सुकलं, तेवढ्यात कोणीतरी फटींत पांढरं सिमेंट भरलं. सगळे खूश. ते परतल्यावर हौद आधी भरणार, मग ओसंडणार, आणि ऑगस्टमध्ये डाग दिसला की सगळे पावसाला दोष देणार.

गच्चीच्या कोब्याचंही हेच. जुन्या पद्धतीच्या गच्चीवर चार-सहा इंच ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा आणि वर चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर, असतो. पावसाळाभर तो थर पाणी पितो आणि दिवाळीपर्यंत खाली सोडत राहतो. पाऊस थांबल्यावरही ओल चालू आहे म्हणून ‘हे गच्चीचं नाही’ म्हणणाऱ्यांनी हा थर लक्षात घ्यावा.

आधी ‘कधी’ विचारा, मग ‘कुठे’

डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख घाला. डाग वाढला की नवी रेघ, नवी तारीख. थेंब पडत असेल तर खाली मापाच्या खुणा असलेली बादली ठेवा आणि सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री दहा अशा ठरावीक वेळांना पाणी किती जमलं ते लिहा. आठवडाभराची अशी नोंद महागड्या थर्मल कॅमेऱ्यापेक्षा जास्त सांगते, आणि वरच्यांशी बोलताना आवाज चढवायची वेळ येत नाही.

नोंदीत रात्रंदिवस जवळपास सारखंच पाणी असेल तर पहिला संशय दाबाच्या लाइनवर, म्हणजे भिंतीत गाडलेल्या नळाच्या पाइपावर. टाकी भरलेली असते तोवर त्या पाइपात दाब असतो, कोणी नळ उघडो न उघडो. ज्या सोसायट्यांत टाकीचा व्हॉल्व्ह ठरावीक वेळीच उघडतात तिथे थेंबही त्या वेळेमागून चालतो, थोडा उशिराने. सकाळी सात ते दहा जोर आणि दुपारी मंद, तर सांडपाणी किंवा फरशी. फक्त कपडे धुवायच्या दिवशी, तर मशीनचा पाइप किंवा ती बाल्कनी. एप्रिल-मेमध्येच ओल आणि पावसात नाही, तर वरच्यांचा एसी. कोकणपट्टीच्या दमट हवेत एसीमधून तासाला लिटरभर पाणी सहज निघतं. तो ड्रेन पाइप भिंतीत कुठे निसटला असेल तर रात्रभरात भिंत भिजते.

पावसाचं पाणी ओळखायलाही वेळच कामी येते. सर सुरू झाल्यावर तासाभरात ओल आली तर बाहेरची भिंत, खिडकीचा माथा किंवा छज्जा. दिवस-दोन दिवस लागोपाठ पाऊस झाल्यावर आली तर गच्ची. आपल्याकडे पावसाचा मारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून, म्हणून त्या बाजूच्या खोल्यांत ओल आणि पूर्वेकडच्या कोरड्या असं दिसलं, तर वरच्या मजल्यावरच्या काकूंना त्रास देण्याआधी बाहेर जाऊन भिंत बघा. बीम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथे आडवी केसाएवढी भेग हमखास सापडते. काँक्रीट आणि वीट उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात हलतात, त्यातून ती पडते.

आणखी एक प्रकार ओळखून बाजूला काढा: छतावर ओलं वर्तुळ नाही, नुसते काळे ठिपके, तेही बाथरूमच्या छतावर किंवा कपाटामागच्या कोपऱ्यात. ही बहुधा हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर जमून धरलेली बुरशी असते, गळती नाहीच. खात्री करायला वीतभर ॲल्युमिनियमची फॉइल चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावा आणि दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर वाफ, छताकडच्या बाजूला असेल तर पाणी आतून येतंय. वाफ असेल तर एक्झॉस्ट पंखा लावा. कोणाचीही फरशी फोडू नका.

डाग एकीकडे, भोक दुसरीकडे

ठाण्यातल्या एका घरात बेडरूमच्या पंख्याच्या डबीतून थेंब पडायचा. वर बरोबर त्या जागी वरच्यांचा पलंग. ना नळ, ना मोरी. दोन प्लंबर बघून गेले आणि ‘बीममधून येतं’ असं सांगून गेले. बीममध्ये पाइप नसतो, पण एवढं बोललं की माणूस गप्प बसतो. नोंद ठेवल्यावर दिसलं की थेंब बुधवारी आणि रविवारी दुपारी वाढतो. वरच्या काकूंना विचारलं.

“काकू, बुधवारी काय असतं तुमच्याकडे?”

“बुधवारी? काही नाही. चादरी धुते मी. रविवारी बाकीचे कपडे.”

मशीन ड्राय बाल्कनीत (कपडे धुवायच्या बाल्कनीत), पंख्यापासून बारा-तेरा फुटांवर. मशीनचं काळं पाणी भिंतीतल्या पाइपाला नुसतं खोचलेलं, जोरात आलं की थोडं मागे फिरून फरशीखाली जायचं. स्लॅब ओतताना विजेच्या तारांसाठी त्यात पाइप टाकतात. बाल्कनीच्या दिव्याचा असा एक पाइप त्या ओल्या मालाखालून सरळ पंख्याच्या डबीपर्यंत येत होता, आणि पाण्याला तोच रस्ता मिळाला. मशीनचा पाइप तिथल्या मोरीत नीट सोडल्यावर काम झालं. छिन्नी लागली नाही.

म्हणून डागाच्या डोक्यावर फुली मारून तिथेच फोडायला सुरुवात करणाऱ्याला थांबवा. पाणी स्लॅबवर पडलं की उताराने, तारांच्या पाइपातून, नाहीतर वेगवेगळ्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटमधल्या सांध्यातून वाट काढतं आणि जिथे सापडेल तिथे खाली येतं. त्यात साध्या खोल्यांच्या फरशीखालच्या मालाला वॉटरप्रूफिंग नसतंच. बाथरूमच्या उंबऱ्याखालून झिरपलेलं पाणी त्या मालात शिरलं की हॉलभर फिरतं. हॉलच्या मधोमध ओल दिसली तर वरच्या बाथरूमचा उंबरा पहिल्यांदा तपासा. दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग कुजलेला किंवा फुगलेला असेल तर तो पुरावाच.

जुन्या इमारतींत आणखी एक संशयित म्हणजे फ्लॉवर बेड, खिडकीबाहेरची झाडं लावायची जागा. मूळ नकाशातला फ्लॉवर बेड किंवा बाल्कनी खोलीत ओढून घेतली की बाहेरचा स्लॅब आणि आतला स्लॅब यांच्या पातळीतला फरक नुसता भरून टाकतात. तो सांधा पहिल्या पावसापासून पाणी आत घ्यायला मोकळा.

चाचणी अशी घ्या की निकाल वरच वाचता येईल

मधला साठा निकाल गढूळ करतो, म्हणून थेंबाकडे बघत बसू नका. वर पाणी कमी होतंय का ते मोजा. आणि एका वेळी एकच गोष्ट तपासा. ट्रॅपही बदलला, फटीही भरल्या, फ्लशही दुरुस्त केला आणि ओल थांबली, तर पुढच्या वेळी शोध पुन्हा शून्यापासून.

दाबाच्या लाइनपासून सुरुवात करा, कारण तिची चाचणी सर्वांत स्वच्छ. प्लंबर नळांच्या जागी डाट बसवतो, हातपंपाने पाइपात नेहमीच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब भरतो आणि दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघतो. तासभरात सुई हलली नाही तर पाइप निर्दोष सुटला. हळूहळू उतरली तर तो पाइप दोषी. गिझरची गरम लाइन वेगळी तपासून घ्या, तिथले सांधे गरम-थंड होऊन आधी सैल होतात. फक्त तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपात जोर लावण्याआधी घरमालकाला सांगा की गंजलेला पाइप या चाचणीतच फुटू शकतो. न सांगता केलं आणि फुटला, की सगळं खापर तुमच्यावर.

मग फ्लश. टाकीत खाण्याचा गडद रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर आतला रबर गळतोय. या गळतीने खालचं छत थेट भिजत नाही, पण ती दिवसभर कमोडखालच्या सांध्यातून धार चालू ठेवते. तो सांधा कच्चा असेल तर खाली चोवीस तास सारखा थेंब दिसतो आणि बिचाऱ्या नळाच्या पाइपावर आळ येतो.

रंगासाठी हळद वापरू नका. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, आणि सिमेंटच्या क्षारात लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. खाली तांबूस थेंब दिसला की सळई गंजली म्हणून घरात रडारड. खाण्याचा निळा किंवा हिरवा रंग बरा. तरीही एक ध्यानात ठेवा: खाली रंग आला तर रस्ता सिद्ध झाला, नाही आला तर काहीच सिद्ध झालं नाही. कोबा रंग गाळून ठेवतो.

नहाणी ट्रॅपची चाचणी फुकट होते. ट्रॅपमध्ये नेहमी साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं असतं, वास अडवायला. रात्री शेवटच्या वापरानंतर जाळी काढून उदबत्तीची काडी तळापर्यंत घाला, पाणी कुठवर आलं त्यावर खूण करा. सकाळी कोणी पाणी टाकण्याआधी पुन्हा घाला. पाणी बोटभर उतरलं तर ट्रॅपच तडकला आहे. जागचं जागी असेल तर ट्रॅपचं पोट ठीक, पण त्याचा गळा, म्हणजे जाळीखालचा भाग आणि भोवतालची फरशी यांचा सांधा, अजून संशयित आहे. तिथला माल आकसून सुटतो आणि आंघोळीचं पाणी ट्रॅपच्या आत जाण्याऐवजी त्याच्या बाहेरून कोब्यात उतरतं. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त गळत्या या एका टीचभर सांध्यात निघाल्या आहेत.

तो सांधा आणि फरशी तपासायला पाणी उभं करावं लागतं. ट्रॅपच्या आत, गळ्याच्या खाली बसेल असा रबरी डाट लावा. गळ्यावर कापडाचा बोळा कोंबलात तर नेमका संशयित सांधाच झाकला जाईल. उंबऱ्याच्या आत इंचभर पाणी भरा आणि भिंतीवर चिकटपट्टी लावून पातळीची रेघ मारा. आता महत्त्वाचं: त्याच पाण्यात एक जड तळाचं पातेलं ठेवा, त्यातही इंचभर पाणी घाला आणि खूण करा. चोवीस तासांनी दोन्ही पातळ्या बघा. पातेल्यातलं पाणी जितकं उतरलं तितकं हवेत उडालं. फरशीवरचं त्याहून जास्त उतरलं असेल तर फरक कोब्यात गेला. आपल्या ४ बाय ६ च्या बाथरूममध्ये एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ सव्वादोन लिटर, त्यामुळे तीन-चार मिलिमीटरचा फरकही मोठा. पातेलं न ठेवता केलेल्या चाचणीवर वरचे ‘वाळलं असेल’ म्हणणार आणि त्यांचं चुकतंय असं तुम्ही दाखवू शकणार नाही.

पातळी उतरली नाही तर फरशी निर्दोष सुटली, आणि भिंतीकडे वळा. दोन दिवस शॉवर न वापरता बसून, बादलीने, भिंतीवर पाणी न उडवता आंघोळ करायला सांगा, पुढचे दोन दिवस शॉवर. इथे मात्र खालची नोंद बघावीच लागते, कारण भिंतीतून गेलेलं पाणी वर मोजता येत नाही. नळ भिंतीत शिरतो तिथली चकती सरकवून पाहा. तिच्यामागे बहुतेक वेळा बोट जाईल एवढं उघडं भोक असतं.

या सगळ्याला वरच्यांचं सहकार्य लागतं आणि ते मागण्याची एक रीत आहे. ‘तुमच्यामुळे आमचं छत खराब झालं’ असं सुरू केलं की दार बंद. त्याऐवजी असा निरोप पाठवा: ‘काका, नमस्कार. आमच्या बाथरूमच्या छताला ओल आहे, नक्की कुठून ते कळत नाही. शनिवारी सकाळी १० ते रविवारी सकाळी १० तुमच्या मोठ्या बाथरूममध्ये पाणी भरून ठेवता येईल का? फोडाफोड काही नाही. प्लंबरचे पैसे मी देतो. पातळीची खूण तुम्हीच करा.’ शेवटचं वाक्य वगळू नका. खूण त्यांच्या हातची असली की निकाल त्यांचाही होतो.

गच्ची आणि बाहेरची भिंत

गच्चीवर पाणी भरायची पद्धत तीच, फक्त आधी स्लॅबला तेवढा भार झेपतो का ते जुन्या इमारतीत इंजिनिअरला विचारा. एक इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला पंचवीस किलो. बरेचदा पाणी भरायची गरजच पडत नाही. पावसाळी पाइपाचं तोंड पानांनी बुजलेलं, कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातला वाटा (मालाची गोलाई) सुटलेला, डिश अँटेनाचे नाहीतर सोलर हीटरचे बोल्ट थेट कोब्यात ठोकलेले, हे डोळ्यांना दिसतं. सोलरच्या स्टँडचे बोल्ट मी सगळ्यात आधी बघतो. टाकीचा ओव्हरफ्लोही बघा, पहाटे कोणी जागं नसताना तो गच्चीवर वाहत असतो.

भिंतीवर पाइपने पाणी मारून बघायचं असेल तर खालून वर जा. आधी खिडकीखालचा भाग पंधरा-वीस मिनिटं, मग खिडकीच्या बाजू, मग छज्जा, मग वरची भेग. वरून सुरू केलंत तर पाणी ओघळून सगळंच भिजतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. छज्ज्याचा वरचा पृष्ठभाग भिंतीकडे उतरता असेल तर शोध तिथेच संपवा.

कौलारू घराचं निदान यापेक्षा सरळ. दुपारी माळ्यावर चढून दिवे मालवा, उजेडाचा कवडसा दिसतो तिथलं कौल सरकलेलं किंवा फुटलेलं. दोन उतार मिळतात तिथली पन्हळ आणि भिंतीला टेकलेली कड तेवढी वेगळी तपासा.

यंत्रं आणि त्यांची मर्यादा

थर्मल कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. ओला भाग बाष्पीभवनाने थंड राहतो म्हणून निळा दिसतो, आणि एसीची हवा लागलेला कोरडा भागही निळाच. गरम पाण्याची लाइन शोधायची असेल तर गिझर चालू करून कॅमेरा फिरवला तर उपयोग होतो. टोचून ओल मोजणारं मीटर विजेच्या वहनावर चालतं. छताला लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) लागलेला असेल तर क्षारांमुळे ते सुकलेल्या जागीही मोठा आकडा दाखवतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरचंही तसंच: धरणाचं गोडं पाणी काँक्रीटमधून आलं की क्षार घेऊन येतं. आकडा नळाच्या पाण्याइतकाच कमी आला तर जवळपास फुटलेला पाइप आहे असं म्हणता येतं. जास्त आला तर त्यावरून सांडपाणी ठरवू नका. एखादा नुसता कॅमेरा फिरवून अर्ध्या तासात ‘रिपोर्ट’ देत असेल आणि काटा, डाट, पातेलं यांतलं काहीच काढत नसेल, तर त्याचे पैसे वाचवा.

छत स्वतः मात्र काही खरं सांगतं. भेगेतून पांढरी, चुनखडीसारखी दांडी लोंबत असेल तर पाणी त्या भेगेतून फार काळ येत आहे: काँक्रीटमधला चुना विरघळून बाहेर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो. तपकिरी ओघळ म्हणजे सळई गंजतेय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. लाकडी हातोडीने हलकं ठोकून पाहा. बद्द आवाज आला, पोपडे हातात आले किंवा सळई दिसली तर त्याखाली झोपू नका आणि प्लंबरऐवजी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

दोष सापडल्यावर

दुरुस्ती वरून, पाणी शिरतं त्या बाजूने. खालून केमिकलचं इंजेक्शन मारलं की पाणी त्या जागी थांबतं आणि चार फुटांवर दुसरीकडे येतं. हौद भरलेलाच राहतो आणि त्यात सळई भिजत राहते. वर जायला बंदीच असेल तेव्हा नाइलाजाने करायचा तो उपाय. ट्रॅपचा गळा सुटला असेल तर तेवढीच वीतभर फरशी काढून सांधा भरून घेता येतो. अख्खं बाथरूम फोडण्याचा सल्ला देणाऱ्याला आधी पाण्याच्या पातळीचा आकडा विचारा. खरंच पूर्ण संकन उघडावं लागलं तर वॉटरप्रूफिंग झाल्यावर कोबा भरण्याआधी ४८ तास पाणी उभं करा, आणि फरशी बसल्यावर पुन्हा एकदा. गवंडी कुरकुरेल, करू दे.

जुन्या बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीतून कधी कधी एक बारीक पाइप बोटभर बाहेर आलेला असतो. संकनच्या तळाचं पाणी बाहेर पडायला ठेवलेला तो निचरा. त्यातून पाणी ठिबकतंय म्हणजे हौदात पाणी साठतंय, एवढी साधी पूर्वसूचना. बाहेरचा रंग देताना तो ‘वाईट दिसतो’ म्हणून बुजवतात आणि पुढच्या वर्षी छत गळतं. रंगाच्या ठेक्यात तो मोकळा ठेवायची अट लिहून घ्या.

खर्चाची विभागणी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत ढोबळमानाने दिलेली आहे: गच्ची, पावसाचं बाहेरून येणारं पाणी आणि सामाईक पाइपांची गळती संस्थेकडे, टॉयलेट-सिंक वगैरेंमधली घरातली गळती संबंधित सदनिकाधारकांकडे. म्हणून काट्याचा आणि पाण्याच्या पातळीचा फोटो तारखेसह ठेवा, आणि सेक्रेटरींना पत्र देताना सोबत जोडा. पोच घ्यायला विसरू नका.

रंगाची घाई शेवटी. दोष काढल्यावर पेन्सिलच्या रेघा तशाच ठेवा आणि साठा उतरू द्या, पंखा लावून महिना-दीड महिना. पावसाळा असेल तर आणखी. ओल रेघेच्या आत आकसत गेली की काम बरोबर झालं. मग सुटलेली लांबी खरवडून काढा, लोणा कोरड्या तारेच्या ब्रशने झाडा. पाण्याने पुसलात तर तो विरघळून पुन्हा आत जातो. उघडं प्लास्टर आठवडाभर तसंच राहू द्या. त्यावर पांढरी भुकटी पुन्हा धरली नाही, तरच रंगाऱ्याला फोन करा.